दुसरी वेलांटी

खोका मिळाला तेव्हा त्यात फासा नव्हता,
अर्धा पट उंदरांनी नेलेला.
पत्ते होते, रबरात बांधलेले,
आणि रबर विरघळून वरच्या गोलकिपरच्या
छातीला चिकटलेलं.
परतवाड्याच्या बाजारात, जुन्या कुलपांच्या ढिगाशेजारी,
पंधरा रुपये.

मी जनावरांच्या दवाखान्यातला ड्रेसर.
बैलाच्या खांद्याला मलम लावतो, रेडकं दाबून धरतो.
फुटबॉल आयुष्यात एकदा लाथाडला,
तो शाळेच्या विहिरीत गेला.

तरी पत्त्यांनी धरलं मला.

डाव फुटबॉलचा. उदय छापखाना, अंजनगाव.
अकरा लाल, अकरा निळे,
एक पंच,
आणि एका पत्त्यावर नुसतं
'पाऊस आला, एक पाळी थांबा.'

दुसरा खोका आसेगावच्या मास्तरांच्या माळ्यावर.
तिसरा दर्यापूरच्या रद्दीत, किलोनं.
तेव्हा कळलं की तेच ते नसतं.
एका खोक्यातला गोलकिपर पहिल्या वेलांटीचा,
दुसऱ्यातला गोलकीपर दुसऱ्या वेलांटीचा.
एकाची पाठ कत्थी, एकाची वांगी.
नऊ नंबरला मिशी आहे.
नऊ नंबरला मिशी नाही.
औषधाच्या कंपनीनं दिलेल्या डायरीत
मी हे सगळं लिहीत गेलो,
लाळ्या-खुरकुताच्या लसींच्या नोंदीखाली.

वच्छला म्हणायची, "हे तं तेच आहे नं बावा."

मग एका रविवारी अंजनगावला गेलो.
छापखान्याच्या जागी मोबाइलचं दुकान.
पानवेलींच्या वाटेवर दौलत भुयार भेटले,
खिळे जुळवायचे तिथं, बेचाळीस वर्षं.
वेलांटीचं विचारलं तर हसून खोकले.
"लग्नसराई होती. साऱ्या दुसऱ्या वेलांट्या
वऱ्हाडी मंडळीत गुंतल्या."
मिशीचं विचारलं.
"थो शालिक. मधात बाप गेला त्याचा.
चित्रं काढणारा समोरच बसे,
जसा दिसला तसा काढला."
मालकाला म्हणे खेळाडू कोणी माहीतच नव्हते.
पोरांनी पगार वाढवून मागितला होता त्या साली.
त्यानं पत्त्यावर नावं टाकली.

"मी हाव नं त्याच्यात. लेफ्ट आउट.
आपल्यापाशी एकही नाही राह्यला."

माझ्या खिशात दोन होते.
दोन्ही निळे, दोन्ही दौलत भुयार,
वांगी पाठीचे, अगदी सारखे.
मी दाखवला एक.
त्यांनी तो उजेडात धरला, लांब, जवळ, पुन्हा लांब.
"एवढे केस नव्हते मले," म्हणाले,
आणि परत दिला.

मी घेतला.

येताना एसटीत डायरी उघडली नाही.

पोळा गेला. महालक्ष्म्या गेल्या.
एका संध्याकाळी पाकीट घेतलं, पत्ता लिहिला,
जास्तीचा दौलत भुयार आत सरकवणार,
तेवढ्यात वच्छला, मांडीवर सूप,
तुरीच्या डाळीतले खडे वेचता वेचता म्हणाली,
"त्या दोघायचा चेंडू काहून वेगळा?"

वेगळा नाही म्हटलं.
पन्नास वेळा पाहिलेत.

तिनं डाळीचं बोट पत्त्यावर टेकवलं.
एका चेंडूखाली सावली होती,
मुगाच्या सालाएवढी.
दुसऱ्याखाली काही नव्हतं.
म्हणजे इथं चेंडू जमिनीवर,
आणि इथं अजून
वर.

चार वर्षं मी नावं वाचली, वेलांट्या मोजल्या,
पाठी घासल्या, कोपरे मापले.
हिनं आयुष्यभर फक्त डाळ निवडली.

डायरी काढली. तारीख टाकली. मग थांबलो.
जास्तीचा आता कोणताच नव्हता.

कंदिलाएवढ्या बल्बखाली दोघंही पडलेले,
एवढे केस नसलेला तो माणूस,
एक पाय उचललेला, दोनदा.
पाकिटाचं तोंड उघडं. डिंक सुकत चाललेला.

"मंग?" सूप झटकत ती म्हणाली,
"कोणता धाडता?"