दार क्रमांक चार

शुक्रवार लागायला नऊ मिनिटं होती.
कॉडच्या शेवटच्या खेपेवर बर्फ ओतला,
हातमोजे दातांनी ओढून काढले
आणि फोन घेऊन दरवाजाबाहेर आलो,
कारण शीतगृहात सिग्नल गोठतो.

बहीण म्हणाली होती, बरोब्बर बाराला सुटेल.
सुटेल, म्हणाली,
जणू ग्रिम्सबीहून अजून बोटी सुटतात.
मासा आता आइसलँडहून ट्रकने येतो,
आम्ही फक्त त्याचे काटे काढतो.

अल्बम म्हणू नकोस, असंही बजावलेलं.
अल्बम कंपनीचा. त्याला वकील लागतात,
ओठांचा रंग कुठला यावर बैठक बसते.
ही मिक्सटेप.
टेप कुठेय, विचारलं, तर हसली:
नुसतं नाव उरलंय रे, आपल्या गोदीसारखं.

कोरीन स्टॉथर्ड, वय एकोणतीस.
पहिल्या गाण्यात पियानोपाशी रडली
आणि लोकांना तिचं रडणं आवडलं.
कंपनीला तर फारच.
मग चार वर्षं रडवली तिला, हंगामाहंगामाला,
आणि एका मंगळवारी कळवलं
की रडण्याला आता उठाव नाही.

जानेवारीत घरी आली.
इस्त्रीच्या टेबलाशेजारी गादी टाकून झोपायची,
उठायची संध्याकाळी, माझ्यासोबत.
तीन रात्री पाळीवर आली, डोक्याला जाळी बांधून,
मुठीएवढं रेकॉर्डर घेऊन.
पट्ट्याची किरकिर घेतली, बर्फाची घसरण घेतली,
आणि चार नंबरचं दार.
त्याचं रबर फाटलंय. एका ढकलण्यात लागत नाही.
धप्, मग जरा दम, मग पुन्हा धप्.
दोन वर्षं लिहून देतोय, कोणी दाद घेत नाही.
ती मात्र त्याच्यापुढे पाऊण तास
लहान मूल निजवावं तशी बसली होती.

मला त्यातलं ओ की ठो कळत नाही.
कळत होतं ते दायवाला.
दायवा क्लायपेडाची, साठीला टेकलेली,
सुरी अशी चालवते की माशालाही समजू नये.
तरुणपणी कुठल्याशा रिकाम्या गोदामात
पहाट होईपर्यंत नाचायची म्हणे.
कोरीनला सांगत होती:
ताल तळपायात शोधू नकोस, पोरी,
पोटऱ्यांत शोध. दुसऱ्या दिवशी दुखतात त्या जागी.

बारा वाजले.
फोनवरचं चक्र फिरत राहिलं,
बारा वाजून दोन मिनिटं झाली, आणि
धप्.
मी मागे वळून पाहिलं.
दार बंद होतं.

फोन रिकाम्या टबात उभा केला, आवाज घुमावा म्हणून.
बायका आल्या, एप्रनला हात पुसत.
धप्, जरा दम, धप्,
त्याखाली पट्टा, त्यावर बर्फ,
आणि तरीही ते आमचं कारखान्याचं नव्हतं;
आमचं असतं तर आम्ही एवढं जवळ आलोच नसतो.
दायवाचे फक्त खांदे हलत होते. डोळे मिटलेले.
ग्लेडहिल मुकादम आला, घड्याळ पाहिलं,
सुट्टीची सात मिनिटं उरलीत म्हणाला,
आणि एका कानावर हात ठेवून तिथेच थांबला.

तिचा आवाज आला तिसऱ्या मिनिटाला.
रडत नव्हती. मोजत होती.
एकोणचाळीस, चाळीस, एक्केचाळीस,
कंपनीने घासून काढलेल्या आमच्या त्या जाड उच्चारात
खोके मोजत होती, माझ्यासारखे,
आणि बेचाळीसवर मी नेहमी अडखळतो
ते तसंच ठेवलं होतं.
अडखळण्यावर तर बाकी सगळं थांबतं,
आणि मग जे सुटतं ना...
जाऊ दे, सांगता येत नाही.

अडीच वाजता तिचा मेसेज: किती जणांनी ऐकलं?
लिहिलं, इथे अकरा, आणि ग्लेडहिल अर्धा.
जगाचं विचारतेय, मूर्खा, म्हणाली.
जगाचं मला कुठून माहीत.

काल दाराला नवं रबर बसवायला माणूस आला.
दोन वर्षांनी.
पायरीवर हत्यारांची पेटी उघडली बिचाऱ्याने,
आणि पट्ट्यावरून आम्ही सगळे
त्याच्याकडे असे बघायला लागलो
की त्याने पाना खाली ठेवला
आणि विचारलं,
काय, कोणी गेलंय का?