दारं मोडायची वेळ

नस्र वाकी. पडता गरुड.
झहराननं बोट उचललं नाही, हनुवटीनंच दाखवलं:
ईशान्येला, दोन सुळक्यांच्या मधे,
जिथे अजून काहीच नव्हतं.

मी मस्कतहून पाणी मोजायला आलो होतो.
गाडीत मीटर, हातात कागद, कागदावर त्याची सही हवी.
"बस. आधी खजूर खा."
मशिदीमागच्या ओट्यावर बसलो.
खाली अंधारात पाट वाहत होता,
स्वयंपाकघरात कुणी एकटंच बोलत असावं तसा.

या गावात रात्रीचं पाणी ताऱ्यांवर वाटतात.
एक तारा कडा ओलांडतो, एकाची पाळी सरते.
दुसरा ओलांडतो, दुसऱ्याची लागते.
वहीत कुठेच नाही.
वही म्हणजे तो समोरचा डोंगर.

या ताऱ्याची पाळी झुवैनाची.
एक अथर पाणी, आपला अर्धा तास.
त्यात दोन वाफे घास, तीन लिंबं
आणि एक खजूर, जिला फळ धरत नाही
आणि जी तिच्यानं तोडवत नाही.
बाई पाटाच्या तोंडाशी उकिडवी,
चिंध्या गुंडाळलेल्या दगडावर हात ठेवून.
तिच्या आधीचं पाणी दिराचं.
दिराशी ती सात वर्षं बोललेली नाही.

आमच्याकडे हा अभिजित, मी झहरानला सांगितलं.
आमच्याकडेही तो पडलाच,
सत्तावीस जणांच्या पंगतीत त्याचं पान मांडलं नाही.
झहराननं बी थुंकली.
"दोघांनी पाहिलंय म्हणजे पडला असेल."

मग तो आला.
पांढरा, नीळ थोडी जास्त झालेल्या सदऱ्यासारखा,
सुळक्यांच्या मधल्या खाचेत, थरथरत.
"उगवला," मी म्हटलं.
झहरान गप्प.
"उगवला ना?"

"दिसला," तो म्हणाला.

तीन वर्षांपूर्वी रस्त्यासाठी सुरुंग लावले.
तिथे डोंगराला एक खांदा होता.
त्यानं हवेत हातानं तो काढून दाखवला,
विकलेल्या उंटाचं वशिंड दाखवावं तसा, हळू,
शेवटाला किंचित दाबून.
"आता तारा लवकर दिसतो.
पण पाणी खांद्यावर वाटलेलं आहे."

आणि तो बघत राहिला
ताऱ्याला नसलेला दगड चढताना.
मी घड्याळ पाहिलं. दोन मिनिटं. चार.
कुठेतरी वाचलेलं आठवलं:
हा उजेड पंचवीस वर्षं वाटेवर आहे.
म्हणजे निघाला तेव्हा खांदा जागेवर होता,
सुरुंगवाला तेव्हा शाळेत असेल,
झुवैनाचा नवरा त्या खजुरीवर चढलेला असेल
कमरेला दोर बांधून.

खाली झुवैनाला तारा दिसत नव्हता का?
दिसत होता. चेहरा तिकडेच होता.
तिनं दगडावरचा हात काढून मांडीवर ठेवला.
पलीकडे दीर नव्हताच, त्याचा मुलगा होता,
मोबाइलच्या उजेडात वाकलेला.
त्याला खांदाही ठाऊक नव्हता, ताराही.
पाणी त्याच्या वाफ्यात जात राहिलं.
पाच. सहा.
कुणी कुणाला काही सांगत नव्हतं.

सातव्या मिनिटाला झहरान खाकरला.
बस्स, एवढंच. म्हाताऱ्याचं साधं खाकरणं.
बाईनं दगड ओढला, चिंध्या पिळल्या,
आणि पाटाचा आवाज बदलला.
घासाच्या वाफ्यातली माती आधी
सुस्सकन हवा सोडते, मग पिते.
मला ते ओट्यावरून ऐकू आलं.

"कागद दे," झहरान म्हणाला.
कुठे सही करू ते विचारलं नाही,
अंधारात कोपऱ्यात कुठेतरी केली.

मीटर मी सकाळी बसवला.
चालतो. बरोबर चालतो.
पहिल्याच आठवड्यात त्याच्या काचेवर
चुन्याचा पांढरा ठिपका धरला,
ते मुकादमानं फोनवर कळवलं.
पुसलं तरी राहतो म्हणाला.
मी म्हटलं, राहू दे.