पाऊण सेकंद

मे महिन्यात नागपुरात वारा विकला जातो.
हिमवंत कूलरची जाहिरात आमच्याच केबलवर,
सक्करदऱ्यात, दुसऱ्या मजल्यावर,
जिथे मी बसतो
दोन मॉनिटर आणि एका बंद एसीच्या मध्ये.

एक माणूस उन्हातून येतो, डोक्याला दुपट्टा,
दार लोटतो, शर्टाची दोन बटणं काढतो,
कूलरपुढे उभा राहून म्हणतो,
च्या मायले, गार!
संपली. बारा सेकंद.
लिहिणाऱ्याने दुसरंच काही लिहिलं होतं म्हणतात,
पण शूटिंगच्या दिवशी त्या नटाला खरंच गार लागलं.

तिसऱ्या दिवशी नंदनवार सर जिना चढून आले,
हातात अर्ज, दोन्ही बाजूंना समास सोडलेला.
मालक म्हणाले, शिवी नाही सर, लकब आहे.
सर म्हणाले, मग तुमच्या आईसमोर म्हणून दाखवा.
मालकांनी पंख्याकडे पाहिलं.

मग फोन.
गोळीबार चौकातून हेडाऊ बाई:
आमचा नातू आंब्याच्या रसालेबी तेच म्हणून राहिला.
महिला मंडळाचं निवेदन, सव्वीस सह्या, एक अंगठा.
इतवारीतून कोणी: हिंदी पिक्चरात चालते,
न् आपलं ऐकलं की कान दुखते काऊन बे?
एकाने फक्त विचारलं, कितीले आहे कूलर?
मी सगळं वहीत उतरवलं.
तारीख, वेळ, नाव.

घरी माय.
ऑक्टोबरात उजवी बाजू गेली, बोलणं गेलं.
दर मंगळवारी रेश्मा गजभिये यायच्या शिकवायला,
म्हणा पा-णी, म्हणा भा-त.
माय त्यांच्या तोंडाकडे बघायची
भलत्याच नंबरची बस आल्यासारखी.
जन्मात तिने कोणाला मुडद्या म्हटलं नाही.
दूध नासलं तरी बाप्पा,
नळ तोडून नेला तरी बाप्पा.

त्या दुपारी मी बादलीने कूलरची टाकी भरत होतो.
टीव्हीतल्या माणसाने दार लोटलं
आणि त्याच्या अर्धा श्वास आधी
माय म्हणाली, स्वच्छ, एकही अक्षर न गिळता:
च्या मायले.

बादली माझ्या पायावर.
सात महिन्यांनी.
पुढचं 'गार' नाही आलं, तेवढंच.
रेश्माताई म्हणाल्या, असं होतं,
शिव्या मेंदूच्या वेगळ्या फडताळात असतात,
कधी कधी तेवढं एक फडताळ वाचतं.

मग भात दिला की च्या मायले.
खिडकी लावली, च्या मायले.
रात्री कूस बदलताना अगदी बारीक, लांबवून.
मी सूर ओळखायला शिकलो.
पाण्याचा वेगळा, दुखण्याचा वेगळा,
एक माझा. मी घरात शिरलो की.

सोमवारी मालक म्हणाले, टाक बाबा बीप.
मी शब्द मोजला. पाऊण सेकंद.
कापला, टूं बसवली,
नंदनवार सरांना कळवलं. धन्यवाद म्हणाले.
तासाभराने पुन्हा त्यांचाच फोन:
अहो, आता घरातले सगळे विचारतात तो काय म्हणाला,
आणि मलाच सांगावं लागतं.

संध्याकाळी माय टीव्हीसमोर.
माणूस आला. दार. बटणं.
मायचं तोंड उघडलेलं, तयार.
टूं.
तिने आधी पडद्याकडे पाहिलं,
मग माझ्याकडे.
कोणी सांगितलं नव्हतं तिला, हे काम कोणाचं.

मी आवाज बंद केला.
पुढच्या ब्रेकला तो मुका आला, मुकाच उभा राहिला,
आणि मी म्हणालो, मायच्या तोंडासमोर, आयुष्यात पहिल्यांदा,
रेश्माताई म्हणतात तसं तोडून तोडून,
च्या. मा. य.
इथे थांबलो.

ले, माय म्हणाली,
आणि डाव्या हाताने दाखवलं,
टाकीतलं पाणी संपलं आहे.