एकसष्ट फायली

खलाटे काका प्रिंटरच घेऊन आले,
खडकीहून रिक्षानं, नारायण पेठेपर्यंत,
मांडीवर टॉवेलात गुंडाळलेला,
आजारी करडू आणावं तसा.
"तीन महिने झाले. कागदाला तोंडच लावत नाही."

गुरुवार. दहाला वीज जाणार.
मी वायर जोडली, चाचणीचं पान काढलं.
खडखडत आलं, काळं कुळकुळीत, ठणठणीत.
काका प्रिंटरकडे बघत राहिले.
साक्ष फिरवलीस ना लेका, असं काहीतरी पुटपुटले.

मग लॅपटॉप. भाच्यानं दिलेला, एक बिजागरी सुटलेली.
छापायला दाबलं की चौकट उघडते,
कुठल्या यंत्राकडे पाठवायचं ते वरच लिहिलेलं असतं.
तिथे यंत्र नव्हतंच.
तिथे होतं : प्रिंट टू फाइल.

"काका, हे कागदावर जातच नव्हतं.
आतल्या आत साठत होतं."
"पण दर वेळी नाव विचारायचं की ते!"
"मग काय टाकायचात?"
"तारीख. कारखान्यात छत्तीस वर्षं काढली,
तारखेशिवाय गेटपास नाही."

सापडलं फोल्डर.
एकसष्ट पीडीएफ, एकसष्ट तारखा,
हजेरीपटावर लागाव्या तशा एकाखाली एक.
पुस्तकाचं नाव 'लेथ आणि मी', पानं एकशे बारा.
मूळ फाइल एकच. रोज तीच खोडायची, तीच सुधारायची,
संध्याकाळी छापायला दाबायचं, वाट बघायची,
आणि प्रिंटरला शिव्या देऊन जेवायला बसायचं.

"शेवटची ठेवते, बाकीच्या साठ उडवू?
मेलनं पाठवायची तर बावीस एमबी आहे,
आधी बारीक करावी लागेल."
काका म्हणाले, थांब.
सुरुवातीची एक उघड.

सात फेब्रुवारी. फाँट आत बांधलेला नव्हता,
वेलांट्या एकीकडे, अक्षरं दुसरीकडे,
रफार सुटून भलत्याच्या डोक्यावर.
त्यांनीच सांगितलं, पान एकाहत्तर.
मी अंदाजानं, मोठ्यानं वाचलं :
मुनिस्वामीचा हात आत होता. मी लीव्हर ओढला.

मार्चातली उघडली.
मुनिस्वामीचा हात आत असताना लीव्हर ओढला गेला.

एप्रिल.
त्या वर्षी आमच्या खात्यात एक अपघात झाला.

शेवटच्या फायलीत पान एकाहत्तरवर
कॅन्टीनच्या उपम्याचं वर्णन आहे.
चांगलं आहे. कढीपत्त्याचा वास येतो.

मी काही बोलले नाही. माझं काम पानाला दोन रुपये.
यादीत खऱ्या प्रिंटरचं नाव निवडून दिलं,
यापुढे हाच आधी येईल असं करून ठेवलं.
"आता जाईल ना कागदावर?"
"जाईल."
"आणि गेल्यावर मागे घेता येतं?"
"रांगेत आहे तोवर रद्द होतं. नंतर नाही."

पावणेदहा. समोरच्या गल्लीत झाकण्या आदळत
कचऱ्याची गाडी येऊन गेली.
"सात तारखेचं एकाहत्तर काढ," म्हणाले. "एकच प्रत."

ते पान तसं छापण्यासारखं नव्हतं.
मी नव्या फायलीत पुन्हा टाइप केलं, शब्द न् शब्द.
म, त्याला दुसरी वेलांटी.
काका खुर्चीमागे उभे राहून बोटानं दाखवत होते,
मला दिसत असूनही.

दाबलं. कागद आत ओढला गेला,
बाहेर यायला लागला,
आणि वीज गेली. दहाला पाच कमी होते.
पान अर्धं बाहेर, अर्धं आत, रोलरनं घट्ट धरलेलं.

"ओढू नका हं, फाटेल. वीज पाचलाच येते,
घरी जाऊन या."
नको म्हणाले. बाकावर बसले,
टॉवेलाची घडी केली, मोडली, परत केली.

बऱ्याच वेळानं मी विचारलं,
"त्यांना मराठी वाचता येतं का?"
"मुनिस्वामीला? येतं की.
धोक्याच्या पाट्यांवरून मीच शिकवलं."