आधी तुम्ही

फोंड्याच्या क्लबाची वर्गणी भरली की विमा आलाच.
मडगावच्या क्लबाचीही भरतो,
तिथली रेंज सावलीत आहे म्हणून.
म्हणजे माझ्या एका छर्‍याला
दोन कंपन्या जामीन.

जत्रेआधीच्या रविवारी छर्रा उसळला,
कुंपणापलीकडे पिएदादबायच्या कौलाचा तुकडा उडाला.
कोंबड्या ओरडल्या. ती नाही.

दोन्हीकडे अर्ज केले.
एकीचं उत्तर : दुसरा विमा असल्यास
आमचा त्याच्यानंतर.
दुसरीचंही तेच, फक्त कागद जाड.
उंबऱ्यात अडलेले दोन सभ्य पाहुणे,
आधी तुम्ही, छे छे, आधी तुम्ही,
आणि आत हुमण निवतंय.

पिएदादबायनं पैशांचं कधी काढलं नाही.
भोकातून पडणारा कवडसा
दुपारी बाराला खडूनं जमिनीवर आखायची,
मी गेलो की दाखवायची :
परवा इथं होता, आज बघ, पेटाऱ्याकडे सरकला.

अठराव्या खुणेला
आमच्या गोठ्यावरचं एक कौल उतरवलं,
तिच्या भिंतीला शिडी लावली.
"पडलास तर कोण देणार रे?"
त्याचा विमा नाही, म्हटलं.
तिनं दुसरा हातही शिडीला लावला.