पार्मेनचा खिंकाली-कोश

पासानाउरीत, जिथे काळी अराग्वी नि पांढरी अराग्वी
एकमेकींना न विचारता एक होतात,
तिथे एथेरीच्या खानावळीत कोपऱ्यातल्या टेबलावर
पार्मेन बसतो. निवृत्त भूमापक.
जमीन मोजून संपली, आता शब्द मोजतो
बिलांच्या पाठीवर, शिसपेन्सिलीने.

खिंकाली, स्त्री.: रस्सा घेऊन पळताना
पकडली गेलेली पुरचुंडी.
एकवचन आढळलेले नाही.

उत्पत्ती: धुकं दरीत उतरलं, पोटात एक मेंढी घेऊन.
खालच्या अंगाला एक बाई पीठ मळत होती.
तिने चारी बाजूंनी कडा उचलल्या
आणि वर गाठ मारली.
(मेंढीचा मालक अजून विचारत फिरतो.)

चुणी: अठ्ठावीस.
सत्तावीस भरल्या तर करणारीचं लक्ष
रस्त्यावर होतं.
हे वाचून एथेरी कानापर्यंत लाल झाली,
आणि तेव्हापासून तिच्या दोन्ही सुना
मोठ्याने मोजत चुण्या घालतात.

काटा: विहिरीला खिडकी पाडायचं हत्यार.
कुताइसीच्या एका पाहुण्याने परवा काटा मागितला.
पार्मेन उठला, टोपी काढली,
रस्सा ताटभर पसरेपर्यंत
मान खाली घालून उभा राहिला.

मिरी: डोंगरावरून दिसणारी माणसं.

शेंडी: वरची गाठ. हिला धरून खिंकाली खावी,
हिला खाऊ नये. ताटात ठेवावी.
शेंडी हा साक्षीदार आहे, आणि साक्षीदार
खाल्ला तर खटला उभा राहत नाही.
शेंड्या खिशात लपवणाऱ्याचा ट्रक
गुदाउरीच्या चढावर मागे मागे येतो.

हे ऐकून ट्रकवाला गोचा
रात्री साडेअकराला परतला,
खिशातून अकरा शेंड्या काढून
निमूट टेबलावर मांडल्या,
पैसे दिले, आणि एक जास्तीची ठेवली,
कुणाची ते सांगितलं नाही.

सगळं गाव आता या कोशावर चालतं.
फक्त एथेरी हिशेबाला बसली की अडते:
एकवीस वर्षं हा माणूस रोज जेवतो,
आणि ताट उचलायला जावं
तर ताट स्वच्छ. एक शेंडी नाही.

काल तिने बिलाच्या पाठीवर स्वतः लिहिलं,
मोठ्या, पिठाच्या अक्षरांत:
पार्मेन, पु.: गावाला शेंडी लावून
स्वतः शेंडी खाणारा.

त्याने चष्मा पुसला. दोनदा वाचलं.
मग पेन्सिलीला थुंकी लावून
‘खाणारा’पुढे एक स्वल्पविराम दिला
आणि म्हणाला, व्याख्या अपुरी आहे,
अजून पाच आण, बघू.