कोपराची साक्ष

नऊ तास बर्फात कोळंबी निवडून
ग्वायमासच्या धक्क्यावरून मी घरी येते
तेव्हा माझ्या बोटांना सगळंच पोळतं :
दाराची कडी, बशी, नेरेओचा गाल.
आणि हा टॅबलेट पुढे करून विचारतो,
"आई, तापलाय का गं?"
मी काय सांगणार?

मला तो निखारा वाटला.
दिवसभर पत्र्याखाली बसलेला नेरेओ म्हणाला,
"नाही, असाच असतो."
एकाच पाठीवर दोन हात, दोन निकाल,
आणि खिडकीबाहेर चव्वेचाळीस अंश,
त्यांना कोणी विचारलंच नव्हतं.

पडद्यावर पिवळा त्रिकोण आला होता म्हणे,
मग गेला.
गणिताचा धडा मध्येच अडकला,
बाईंचं तोंड उघडं ते उघडंच.
पोरगा टॅबलेट घेऊन फ्रिजकडे निघाला,
टोमॅटोशेजारी ठेवायला.
मी ओरडले :
फ्रिजमधून काढलेल्या बाटलीला घाम फुटतो,
याला फुटला तर तो आत कुठे जाईल?

पलीकडचे दोन फिदेन्सिओ पंखे दुरुस्त करतात,
टॅबलेट नाही.
तरी कुंपणावरून सांगितलं त्यांनी :
चार्जर काढ. कव्हर काढ. उशीवर नको ठेवूस.
टेबलावर उताणा ठेव आणि बघ, डुगडुगतो का.
पोट फुगलं असेल तर दाबू नकोस,
माझ्याकडेही आणू नकोस.

ठेवला. एका कडेला हळूच बोट टेकवलं.
टेबल डुगडुगलं,
ते नेहमीच डुगडुगतं.
घडी केलेला कागद पायाखाली सारून पुन्हा पाहिलं.
टॅबलेट गप्प.

मग अर्धा तास आम्ही दोघं
त्याच्यासमोर नुसते बसून.
कुठूनतरी डिझेलचा वास येत होता.

तेव्हा आठवलं.
हा तान्हा होता तेव्हाही मी बर्फातच होते.
अंघोळीच्या पाण्यात हात घालून
कढत की सोसवेलसं, काही कळायचं नाही,
म्हणून कोपर बुडवायचे.
हातमोजे कोपराच्या अलीकडे संपतात,
बर्फ तिथवर कधी पोचला नाही.

टॅबलेट पालथा केला, बाही वर सारली,
कोपर टेकवलं त्याच्या पाठीला,
कॅमेऱ्याच्या डाव्या अंगाला, जिथे तो धुमसतो.

कोमट.
किती दिवसांनी हा शब्द
माझ्या अंगाला लागला.

"काय गं, तापलाय का?"
थांब, म्हटलं.
अजून थोडं बघू दे.